कुर्झवाइल के२०००मध्ये हार्ड डिस्क बसवण्याआधी

आमच्याकडे कुर्झवाइल कंपनीचा के२००० सिंथेसायझर घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "फ्लॉपी वाचत नाही, एखादी मोठी हार्ड डिस्क टाकून द्या." हार्ड डिस्क हवी, हे अगदी खरं. ती मोठी मात्र नको. हे माहितीपत्रक मुख्यतः तेवढं नीट समजावून सांगण्यासाठी आहे. वाद्य आमच्याकडून करून घ्या किंवा घरी स्वतः करा, दोन्ही वेळा ते उपयोगी पडावं.

के२००० बाजारात आला १९९१ साली. त्याच्या रॉममध्ये कंपनीचे ८ एमबी आवाज कायमचे आहेत. त्यापलीकडे तुम्ही स्वतः ध्वनिमुद्रित केलेले किंवा बाहेरून आणलेले सॅम्पल, म्हणजे आवाजाचे तुकडे, रॅममध्ये बसतात. ती रॅम ६४ एमबीपर्यंत वाढवता येते, आणि वाद्य बंद केलं की ती पूर्ण कोरी होते. तीन एए बॅटऱ्या असतात, पण त्या फक्त तुम्ही तयार केलेले प्रोग्रॅम (आवाजांच्या रचना) आणि सेटअप सांभाळतात, सॅम्पल नाही. म्हणजे रोज वाद्य चालू केलं की सॅम्पल कुठून तरी पुन्हा आत भरावे लागतात. फ्लॉपी १.४४ एमबीची. पूर्ण ६४ एमबी भरायचे तर पंचेचाळीस फ्लॉप्या एकामागून एक. कार्यक्रमाच्या आधी मंचावर ते कोण करणार? त्यात आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात ठेवलेल्या फ्लॉप्यांवर बुरशी धरते. सरकती पट्टी मागे ओढून तबकडी उजेडात तिरपी धरलीत तर पांढरट ठिपके दिसतील. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. एका फ्लॉपीची बुरशी ड्राइव्हच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खराब होतात.

म्हणून हार्ड डिस्क. आता ती किती मोठी?

के२०००ची तिसरी आवृत्ती, म्हणजे आतल्या ईप्रॉम नावाच्या चिपमधलं शेवटच्या पिढीचं सॉफ्टवेअर, एका डिस्कवर २ जीबीपर्यंत जागा वापरू शकतं. त्यावरची जागा वाद्याला उपयोगाची नाही. एका डिस्कचे अनेक भाग पाडून ते वेगवेगळे वापरायची सोयही त्यात नाही. पण २ जीबी म्हणजे किती, हे बघा: ६४ एमबीची रॅम काठोकाठ भरेल असे बत्तीस संच. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज धरला तर एकेक संच सहा मिनिटांहून थोडा जास्त. आयुष्यभर जमवलेले तबल्याचे बोल, हार्मोनियमचे स्वर, स्ट्रिंग्ज, सगळं मावून जागा उरते. वाद्यात आवृत्ती कोणती आहे ते चालू करताना पडद्यावर दिसतं. जुनी असेल तर आधी ईप्रॉम बदलून घ्या, मग डिस्कचं बघू.

फिरती डिस्क की कार्ड

डिस्क जोडण्यासाठी के२००० स्कझी ही जुनी जोडणीची पद्धत वापरतो. आत पन्नास पिनांची जोडणी आहे आणि मागच्या बाजूला पंचवीस पिनांची. त्या काळात आत साडेतीन इंची फिरती डिस्क बसवायचे. तशी जुनी डिस्क आजही बाजारात मिळते, आणि काही ग्राहक मूळ स्वरूप राखायचं म्हणून तीच मागतात. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे, तरी आमचं मत स्पष्ट आहे: जुनी फिरती डिस्क बसवू नका. तीस वर्षांच्या डिस्कचे बेअरिंग झिजलेले असतात. काहींच्या आतला रबरी बफर वितळून चिकट होतो आणि हेड जागेवरच अडकून बसतं. ती गरम होते, आणि तुमच्या वाद्याचा पॉवर सप्लायही तेवढाच म्हातारा आहे. शिवाय तिची सूं आवाजाची धून शांत खोलीत ध्वनिमुद्रण करताना माइकमध्ये उतरते. अडुसष्ट किंवा ऐंशी पिनांच्या, सर्व्हरमधून काढलेल्या डिस्क अडॅप्टर लावून बसवता येतात, पण त्यात टर्मिनेशनची (त्याबद्दल पुढे सांगतो) भानगड दुप्पट होते. आम्ही ते काम घेत नाही.

आम्ही सुचवतो ते स्कझीला मेमरी कार्ड जोडणारं बोर्ड. स्कझीटूएसडी, ब्लूस्कझी, झुलूस्कझी ही त्यातली प्रसिद्ध नावं. वाद्याच्या दृष्टीनं ते बोर्ड म्हणजे हार्ड डिस्कच. त्याला ना मोटर, ना आवाज, आणि वीज अगदी थोडी. त्याहून मोठा फायदा असा की एकच कार्ड वाद्याला अनेक डिस्क म्हणून दाखवता येतं. एक २ जीबीची डिस्क कार्यक्रमासाठी, दुसरी रियाजासाठी, तिसरी नुसती साठवणीला. ब्लूस्कझीत तर प्रत्येक डिस्क म्हणजे कार्डावरची एक फाइल असते आणि ती कोणत्या आयडीवर, म्हणजे स्कझीच्या कोणत्या आकड्यावर, दिसावी हे फाइलच्या नावावरूनच ठरतं. जुन्या सॅम्पल सीड्यांची प्रतही सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवता येते. के२०००ची तिसरी आवृत्ती अकाई आणि रोलंडच्या सॅम्पलरांच्या डिस्कही वाचते, तेव्हा ज्यांच्याकडे अशा सीड्या पडून आहेत त्यांनी त्या टाकू नयेत.

कार्ड कोणतंही स्वस्तातलं घेऊ नका. नकली कार्डं आपली क्षमता खोटी सांगतात. सुरुवातीला सगळं ठीक चालतं, आणि खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं गायब होतं. नावाजलेल्या कंपनीचं, खात्रीच्या दुकानातून, पावतीसकट घ्या. ८ किंवा १६ जीबीचं भरपूर झालं.

आयडी आणि टर्मिनेशन

बसवल्यावर डिस्क दिसत नाही म्हणून येणाऱ्या वाद्यांत खराब डिस्क क्वचितच निघते. चूक बहुतेक वेळा या दोन गोष्टींत असते, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

स्कझीनं एकमेकांना जोडलेल्या यंत्रांच्या एका साखळीत आठ घरं असतात, शून्य ते सात. वाद्य स्वतः त्यातलं एक घर धरून बसतं. के२००० कारखान्यातून येतो तेव्हा ते सहा असतं. आतली डिस्क सहावर ठेवलीत तर दोघांची टक्कर होते आणि वाद्य अडकतं. आम्ही आतली डिस्क नेहमी शून्यावर ठेवतो आणि बाहेरून जोडायच्या वस्तूंना पुढचे आकडे देतो. शेजारी स्कझीचं दुसरं सॅम्पलर असेल तर त्याचा आकडाही तपासा. त्याचंही कारखान्यातून आलेलं घर सहाच असू शकतं.

टर्मिनेशन म्हणजे साखळीच्या टोकाला लावलेला रोधकांचा संच. तारेतून गेलेला संदेश टोकाला आपटून परत फिरू नये म्हणून तो असतो. नियम एकच आहे: साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन हवं आणि मधल्या कुठल्याही वस्तूला नको. फक्त आतली डिस्क असेल तर एक टोक वाद्याचं बोर्ड आणि दुसरं टोक डिस्क. मागून बाहेरची डिस्क जोडलीत की चित्र बदलतं. आता टोकं म्हणजे आतली डिस्क आणि बाहेरची डिस्क, आणि वाद्याचं बोर्ड मध्ये आलं. मग बोर्डावरचं टर्मिनेशन काढावं लागतं. वाद्य उघडल्यावर आम्ही पहिल्यांदा तेच बघतो, कारण आधीच्या मालकानं काय काढलं, काय ठेवलं हे बाहेरून कळत नाही. टर्मिनेशन चुकलं तरी कधी कधी डिस्क दिसते, आठवडाभर चालतेही, आणि मग एके दिवशी फाइल अर्धवट उघडते. असा दोष फार छळतो, म्हणून "चालतंय ना, मग राहू दे" असं करू नका.

मागच्या पंचवीस पिनांच्या जोडणीबद्दल एक कळकळीची विनंती. संगणकाच्या जुन्या प्रिंटरची जोडणी दिसायला हुबेहूब तशीच असते. प्रिंटरची केबल तिथे बसते, म्हणून लावू नका, आणि वाद्य संगणकाच्या प्रिंटर पोर्टला तर कधीच जोडू नका. आतल्या विजेची मांडणी वेगळी आहे, आणि बोर्डावरची स्कझीची चिप जळू शकते. स्कझीची कोणतीही केबल लावताना किंवा काढताना सगळी यंत्रं बंद हवीत.

बसवताना

वाद्य उघडण्याआधी आत जे आहे ते वाचवा. बॅटऱ्यांच्या आधारावर टिकलेले प्रोग्रॅम एखाद्या चांगल्या, नव्या फ्लॉपीवर जतन करा. फ्लॉपी ड्राइव्ह मेला असेल तर बाहेरून स्कझीची डिस्क जोडून जतन करा, किंवा मिडीवरून संगणकात उतरवून घ्या. बॅटऱ्या गळलेल्या असतील तर त्यांचा पांढरा क्षार पत्र्याला आणि तारांना खातो. असं वाद्य आधी आमच्याकडे आणा.

अमेरिकेतून आणलेल्या वाद्याचं व्होल्टेज तिथल्या १२० व्होल्टला लावलेलं असू शकतं. भिंतीतल्या सॉकेटला लावण्यापूर्वी मागच्या बाजूला तपासा.

मग वायर भिंतीतून काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. सतरंजीवर नाही, लाकडी टेबलावर काम करा. आत हात घालण्याआधी उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. स्क्रू लांबीप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर तो सरळ बोर्डात घुसतो. सपाट केबलच्या एका कडेला लाल रेघ असते, ती जोडणीवरच्या एक नंबरच्या पिनेकडे आली पाहिजे. काही बोर्डांवर चुकीच्या बाजूनं घुसू नये म्हणून खाच असते, काहींवर नसते, म्हणून आकडा वाचूनच लावा. विजेच्या जोडणीत लाल तार ५ व्होल्टची आणि पिवळी १२ व्होल्टची असते. कार्डाच्या बोर्डाला ५ व्होल्टच लागतात. बोर्ड नुसतं तारांवर लोंबकळत ठेवू नका. टेम्पोतून प्रवास करताना ते हलतं आणि पत्र्याला टेकलं तर शॉर्ट होतं. आम्ही प्लास्टिकचे खांब लावून ते पट्टीवर घट्ट बसवतो.

पहिलं फॉरमॅट

डिस्कचं फॉरमॅट संगणकात करू नका, वाद्यातच करा. वाद्य चालू करून डिस्क मोडमध्ये जा. पडद्यावर चालू डिस्कचं नाव दिसेल, बहुधा फ्लॉपी. अल्फा व्हील, म्हणजे वाद्यावरचं फिरवायचं चाक, एकेक घर फिरवा म्हणजे स्कझीचे आकडे येतील. शून्यावर आलात आणि पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं की जोडणी बरोबर आहे, असं समजा.

फॉरमॅट सुरू करण्याआधी आकडा पुन्हा वाचा. आमच्याच हातून एकदा इथे चूक झाली आहे. एका ग्राहकाची जुनी बाहेरची डिस्क जोडलेली होती, शेजारी नवं कार्ड होतं, आणि व्हील एक घर जास्त फिरलं. "खात्री आहे का" असं वाद्यानं विचारलं आणि आम्ही घाईनं होकार दिला. आदल्या रात्री त्या डिस्कची प्रत काढून ठेवलेली होती म्हणून त्यांची अठरा वर्षांची मेहनत वाचली. तेव्हापासून फॉरमॅट करताना आम्ही एकच डिस्क जोडलेली ठेवतो. तुम्हीही तसंच करा.

फॉरमॅट झालं की एक छोटा प्रोग्रॅम जतन करा, वाद्य बंद करा, पुन्हा चालू करून तोच उघडा. मग एखादा मोठा सॅम्पल संच घेऊन असंच करा. छोटी फाइल नीट उघडली आणि मोठी बिघडली तर टर्मिनेशन किंवा केबल पुन्हा तपासा.

कार्ड बसवल्यावर निश्चिंत होऊ नका, कार्डही एक दिवस मरतंच. महिन्यातून एकदा ते काढून संगणकात पूर्ण कार्डाची प्रतिमा घ्या, आणि गणपतीच्या किंवा लग्नाच्या हंगामाआधी तर नक्कीच. कार्ड बाहेरून काढता यावं अशी सोय हवी असेल तर आधी सांगा. फ्लॉपी ड्राइव्ह बंदच असेल तर त्याच्या जागेतून कार्डाचं तोंड बाहेर आणता येतं, आणि त्यासाठी वाद्याच्या पत्र्याला एकही भोक पाडावं लागत नाही.

वाद्य दुरुस्तीला आणताना तुमच्या सगळ्या फ्लॉप्या बरोबर आणा, बुरशी आलेल्यासुद्धा. त्या घरी पुसायला जाऊ नका. साफ करून वाचता आल्या तर त्यातले आवाज आम्ही नव्या डिस्कवर उतरवून देतो, आणि फ्लॉप्या तुम्हाला परत करतो.