थेम्सकाठचं तळघर आणि तीन दिवसांची बिअर

लंडनमध्ये हॅमरस्मिथच्या पुलापासून थेम्सच्या काठाकाठाने वरच्या अंगाला चालत गेलं, की एका अरुंद बोळात 'द डव्ह' नावाचा जुना पब लागतो. दार इतकं साधं, की लक्ष नसेल तर माणूस पुढे निघून जातो. आत बुटकं छत, काळपट तुळया, आणि मागे थेट नदीवर उघडणारा सज्जा. समुद्र इथून खूप लांब आहे, तरी भरती-ओहोटी इथवर पोचते आणि नदी दिवसातून दोनदा काही मीटर चढते-उतरते. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती आणि काठचा चिखल उघडा पडला होता. या पबवरून नाव घेतलेला 'डव्हज प्रेस' हा छापखाना एकेकाळी जवळच होता. भागीदाराशी बिनसल्यावर त्याच्या मालकाने खास घडवून घेतलेले छपाईचे खिळे याच पुलावरून रात्रीबेरात्री नदीत टाकले. त्यातले थोडे जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१४ साली, नदीच्या तळातून परत वर आले.

लंडनमध्ये वीस वर्षं राहिलेला माझा आतेभाऊ सोबत होता. त्याने फिश अँड चिप्स आणि दोन पाइंट (साधारण अर्ध्या लिटरचे मोठे ग्लास) बिअर मागवली. बारमागच्या मुलीने लाकडी मूठ सावकाश आपल्याकडे ओढली, सोडली, पुन्हा ओढली, आणि ग्लासात तांबूस, नितळ बिअर चढत गेली. आपल्या गावच्या हापशाचीच आठवण यावी अशी हालचाल. मी घोट घेतला आणि म्हटलं, "अरे, ही गार नाहीये."

"गार हवी तर शेजारच्या नळाची घे," तो म्हणाला. "ही जिवंत आहे."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. 'कास्क एल' म्हणजे पिंपातली एल, इंग्लंडची पारंपरिक बिअर. ती ब्रूअरीतून निघते तेव्हा पूर्ण झालेली नसते. तिचं शेवटचं काम पबच्या तळघरात होतं, आणि ते नीट झालं की नाही हे तळघर सांभाळणाऱ्या माणसावर ठरतं. विरजण ब्रूअरीने लावायचं, पण दही लागलं कधी हे पबवाल्याने ओळखायचं.

बिअरचं मूळ सूत्र तसं सरळ आहे. मोड आणून भाजलेल्या जवातली साखर पाण्यात उतरवायची, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळायची, गार करून यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. बहुतेक कारखान्यांत हे झालं की बिअर गाळतात, अनेकदा पाश्चरायझेशन करून उरलंसुरलं यीस्ट मारतात आणि बाहेरून वायू दाबून ती पोलादी केगमध्ये भरतात. अशी बिअर महिनोन्महिने टिकते. कास्क एल मात्र न गाळता पिंपात जाते. एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख यीस्टपेशी धरल्या, तर ४१ लिटरच्या एका पिंपात त्या चार हजार कोटींच्या घरात जातात. उरलेली थोडी साखर त्या पिंपातच खात राहतात. हे दुसरं किण्वन. त्यातून बिअरला तिचा स्वतःचा वायू मिळतो. शिवाय भरताना आत गेलेला ऑक्सिजन यीस्ट वापरून टाकतं, आणि कच्च्या बिअरला लोण्यासारखा वास देणारं डायअॅसिटिल नावाचं द्रव्यही परत शोषून घेतं.

नंतर कधीतरी त्याच काठावरच्या दुसऱ्या एका पबच्या तळघरात उतरायला मिळालं. जिना अरुंद, भिंती ओलसर, हवा पाण्याच्या माठाजवळ असते तशी गार. घडवंचीवर पिंपं आडवी ठेवलेली, हलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी पाचरी मारलेल्या. प्रत्येक पिंपाच्या पोटावर, म्हणजे आडवं ठेवल्यावर जी बाजू वर येते तिथे, एक बूच आणि त्या बुचात बोटाएवढी लाकडी खुंटी. तळघर सांभाळणारे काका एका खुंटीपाशी थांबले. तिच्याभोवती पांढरा फेस जमला होता. त्यांनी फडक्याने तो पुसला आणि नुसते बघत उभे राहिले. दोनेक सेकंदांत पुन्हा बुडबुडे. "अजून जोरात आहे," म्हणाले आणि पुढच्या पिंपाकडे वळले. तिथे पुसल्यावर बुडबुडा यायला बराच वेळ लागला. तिथली सच्छिद्र खुंटी काढून त्यांनी टणक लाकडाची ठोकली. मऊ खुंटीतून वायू झिरपून जातो, टणक खुंटी तो आत कोंडते. त्या तळघरात मी पाहिलेलं सगळ्यात अचूक उपकरण म्हणजे ते फडकं आणि ती खुंटी.

हे का करायचं, ते हेन्रीच्या नियमात आहे. द्रवात किती वायू विरघळेल हे त्यावरच्या त्या वायूच्या दाबावर आणि तापमानावर ठरतं. दाब वाढला की वायू जास्त मुरतो, तापमान वाढलं की कमी. बारा अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या नेहमीच्या दाबाखाली, एक लिटर पाण्यात साधारण १.१ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो. कास्क एलमध्ये जवळपास तेवढाच असतो. केगमधल्या लागरमध्ये (ती थंडगार प्यायची फिकट बिअर) मात्र वायू दाबून अडीच लिटरच्या आसपास भरलेला असतो, म्हणून ती जिभेला चावते आणि पोट तट्ट होतं. खुंटीने जास्तीचा दाब सोडून द्यायचा आणि योग्य वेळी थांबवायचं. लवकर थांबवलं तर नुसता फेस येतो, उशीर झाला तर बिअर मेल्यासारखी सपाट लागते.

आणि ते बारा अंश कुठून आले? जमिनीतून. काही मीटर खाली गेलं की मातीला ऋतू कळत नाहीत, तिथे वर्षभराचं सरासरी तापमान टिकून राहतं. आपल्याकडे विहिरीचं पाणी म्हणूनच उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागतं. लंडनची वार्षिक सरासरी अकरा-बारा अंश आहे, त्यामुळे तिथलं खोल तळघर आपोआप बिअरला मानवेल तेवढं गार राहायचं. आज बहुतेक तळघरांत शीतयंत्र असतं, पण त्याचा काटा अकरा ते तेरा अंशांवरच ठेवतात. मुंबईत तितकंच खोल तळघर खणलं तर सत्तावीस अंश मिळतील. ही बिअर त्या देशाच्या मातीच्या तापमानातून घडली आहे असं मी म्हणतो ते म्हणूनच.

'इंग्रज कोमट बिअर पितात' हा आपला समज त्यामुळे सोडून द्यायला हवा. बारा अंश म्हणजे कोमट नव्हे. त्यापेक्षा खूप गार केली तर या बिअरचं जे खरं आहे तेच हरवतं. यीस्टने बनवलेली एस्टर नावाची सुगंधी द्रव्यं (त्यातल्या एकाला चक्क पिकल्या केळ्याचा वास असतो) थंडीत नीट उडत नाहीत, मग नाकापर्यंत पोचणार काय? शिवाय जिभेवरच्या चवपेशींमधला टीआरपीएम-५ हा मार्ग, जो गोड आणि कडू चवीचा निरोप पुढे पाठवतो, तो गारठ्यात मंदावतो. श्रीखंड फ्रिजमधून काढल्या काढल्या कमी गोड लागतं ते त्यामुळेच.

आता त्या नितळपणाकडे येऊ. चार हजार कोटी पेशी आत असताना ग्लासातली बिअर काचेसारखी कशी? एका यीस्टपेशीचा व्यास काही हजारांश मिलिमीटर. द्रवात कण किती वेगाने खाली बसतो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने ढोबळ हिशोब केला तर ती तासाला दोन-तीन मिलिमीटरच खाली सरकते, म्हणजे पिंपाच्या तळाशी बसायला पाच-सहा दिवस. पण कणाची त्रिज्या दहापट झाली, तर बसण्याचा वेग शंभरपट होतो. म्हणून पेशींचे पुंजके बनवावे लागतात, आणि त्यासाठी जे वापरतात ते आहे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. ती वाळवून, सौम्य आम्लात विरघळवून केलेलं द्रव म्हणजे आयसिंग्लास. त्यात असतं कोलॅजन, आणि बिअरच्या आंबटपणात त्यावर धन विद्युतभार येतो. यीस्टपेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. दोघं एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात आणि एका दिवसात तळाशी बसतात. पूर्वी ही पिशवी रशियातल्या स्टर्जन माशाची यायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम मर्डॉक या अभियंत्याने (कोळशाच्या वायूचे दिवे लावणारा तोच) कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला.

सातपाटी, वसईच्या कोळी बांधवांना हे वाचून नवल वाटणार नाही. घोळ माशाच्या भोताला, म्हणजे याच हवेच्या पिशवीला, जो सोन्यासारखा भाव मिळतो, त्यामागे परदेशातली औषधी मागणी आहे, तशी दारू नितळ करण्याची ही जुनी विद्याही आहे. शाकाहारी वाचकांनी मात्र नोंद घ्यावी. हे कोलॅजन जवळजवळ सगळं गाळाबरोबर तळाशी राहतं, पण प्रक्रियेत मासा असतोच. गिनेसने २०१५ मध्ये आपण आयसिंग्लास सोडणार असं जाहीर केलं, आणि आता अनेक लहान ब्रूअऱ्या गढूळ राहिली तरी चालेल म्हणून ते घालतच नाहीत.

बारवरची ती मूठ म्हणजे साधा दट्ट्या-पंप. त्याचं पेटंट १७९७ साली जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने घेतलं, ज्याने हायड्रॉलिक प्रेसही बनवला. मूठ ओढली की नळीतला दाब कमी होतो आणि पिंपातल्या बिअरवर दाब देणारी हवा तिला वर ढकलते. एका ओढीत अर्धा पाइंट, म्हणजे २८४ मिलिलिटर. पण यासाठी पिंपात हवा शिरली पाहिजे. खुंटी काढल्याशिवाय एक थेंबही नीट वर यायचा नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. हवा आत गेली तरच बिअर प्यायला मिळते, आणि हवा आत गेली की तिचे दिवस भरायला लागतात. ऑक्सिजनने आधी ताजे वास मावळतात, मग अॅसिटोबॅक्टर जिवाणू अल्कोहोलचा सिरका करायला घेतात. पहाटेची नीरा उन्हं चढता चढता ताडी होते आणि रात्रीपर्यंत आंबून जाते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपलं पाहिजे. एका लहान पिंपात ७२ पाइंट, म्हणजे रोज चोवीस माणसांनी तरी तीच बिअर मागायला हवी. गिऱ्हाईक घटलं की बिअर शिळी होते, शिळी बिअर प्यायलेला माणूस पुन्हा मागत नाही, आणि गिऱ्हाईक आणखी घटतं. गजबजलेल्या पबमधली एल चांगली का लागते, याचं उत्तर निम्मं तरी या हिशोबात आहे.

साठच्या दशकात ब्रिटनच्या मोठ्या कंपन्यांनी ही कटकटच नको म्हणून केग बिअरचा सपाटा लावला. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवरच्या आपल्या अभ्यासाचा ग्रंथ काढला, तो बिअर बिघडवणारे जीव ओळखण्यासाठी. त्याच विद्येने आता चांगले-वाईट सगळेच जीव मारले जात होते. १९७१ मध्ये चार इंग्रज मित्रांनी आयर्लंडच्या सहलीत असताना 'कॅम्रा' (कॅम्पेन फॉर रिअल एल) ही ग्राहक चळवळ सुरू केली आणि 'रिअल एल' हा शब्द रूढ केला. त्यांची व्याख्या सूक्ष्मजीवशास्त्रातून येते: ज्या भांड्यातून वाढली जाते त्याच भांड्यात जिचं दुसरं किण्वन होतं आणि जिला बाहेरचा वायू लावत नाहीत, ती खरी एल. सामान्य गिऱ्हाइकांनी यीस्टच्या जगण्याच्या हक्कासाठी संघटना काढली, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

याच पिंपांचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. पूर्व लंडनमध्ये ली नदीकाठी हॉजसनची बो ब्रूअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची त्या ब्लॅकवॉलपासून फार लांब नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिची फिकट बिअर आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला यायची. चार-सहा महिने हलत्या, तापत्या जहाजात टिकावी म्हणून तीत हॉप्स भरपूर. हॉप्समधली कडू आम्लं बिअर आंबट करणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंच्या पटलाची गळती करून त्यांना वाढू देत नाहीत, यीस्टला मात्र फारसा त्रास देत नाहीत. १८२० च्या दशकात मध्य इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या ऑलसॉप या ब्रूअरीने हा व्यापार पकडला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) भरपूर आणि त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उमटतो. आज पुण्यातल्या ब्रूअरीत 'इंडिया पेल एल' मागवणारा तरुण नकळत त्या प्रवासाचंच नाव घेत असतो.

डव्हच्या सज्जात आमचे मासे आले तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. कॉडवरचं आवरण इतकं कुरकुरीत, की काट्याने दाबल्यावर आवाज झाला. पिठात बिअर घालतात त्याचा हा परिणाम. कडकडीत तेलात तिचा वायू झपाट्याने सुटून पिठाला जाळी पडते, अल्कोहोल पाण्याआधी उडतं आणि पिठातलं ग्लुटेन चिवट होऊ देत नाही. आपण भज्यांत कडकडीत मोहन आणि चिमूटभर सोडा घालतो, त्याच जातीची युक्ती.

दुसरा पाइंट आणायला आतेभाऊ उठला आणि हात हलवत परत आला. आम्ही घेतलेल्या बिअरच्या पंपावरची पाटी त्यांनी उलटी फिरवून ठेवली होती. पिंप संपलं होतं. पुढचं पिंप खाली घडवंचीवर होतं, पण गाळ अजून बसायचा होता. उद्या दुपारी या, असं त्या मुलीने सांगितलं.