बारा वर्षं राहिला म्हणून भाडेकरू मालक होत नाही

जुळे सोलापुरात खोली भाड्यानं द्यायची म्हटलं की शेजारी हमखास सांगतो, “अकराच महिन्यांचं करा, नाहीतर बारा वर्षांनी घर त्याचं.” या वाक्यात दोन गैरसमज आहेत.

बारा वर्षांचा आकडा खरा आहे, 1963 च्या मुदत कायद्यातला. पण तो मालकाचा हक्क उघड नाकारून जागा बळकावणाऱ्यासाठी; कायदा याला ‘प्रतिकूल ताबा’ म्हणतो. भाडेकरू मालकाच्या परवानगीनं राहतो, दर महिन्याला भाडं देतो. म्हणजे मालक कोण हे तोच कबूल करतो. असा ताबा बारा काय, चाळीस वर्षं चालला तरी प्रतिकूल ठरत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रतिकूल ताबा असणाऱ्यालाही दावा लावता येतो असं म्हटलं, आणि व्हॉट्सअॅपनं त्यात भाडेकरू घुसडला!

विधी महाविद्यालयात प्रतिकूल ताबा शिकवताना मुलांना पहिला प्रश्न हाच विचारावा: ताबा कोणाच्या मर्जीनं?

राहिले अकरा महिने. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाच नोंदवावा लागतो, या केंद्रीय नियमातून ही पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात. कोर्टासमोरच्या टपरीवर नोटरीचा शिक्का मारून आणलेला कागद इथे कामाचा नाही.