सहा वर्षांनंतरचा पहिला क्रमांक

जुलै १९८० मध्ये गायक जॉर्ज जोन्स यांचे ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ (‘आज त्याने तिच्यावर प्रेम करणे थांबवले’) हे गाणे अमेरिकेतील कंट्री, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या, गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. एकट्याच्या आवाजात हा मान त्यांना सहा वर्षांनंतर मिळत होता. मधल्या काळात, १९७६ आणि १९७७ साली, घटस्फोटित पत्नीसोबतची त्यांची युगुलगीते अग्रस्थानी गेली होती. त्यामुळे या यशाला पुनरागमन म्हणायचेच तर ते एकल गायकाचे. खरी पडझड कार्यक्रमांच्या बाबतीत होती. दारू आणि कोकेनच्या आहारी गेलेला हा गायक ठरल्या दिवशी मंचावर येईलच याची खात्री आयोजकांना उरली नव्हती.

गाण्याच्या घडणीचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न मात्र आजही चर्चेत असतो. गाणे आहे मरेपर्यंत एकीवरच प्रेम करणाऱ्या माणसाचे; दोन गीतकारांच्या मूळ मसुद्यात हा नायक फार लवकर मरतो, असा ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचा आक्षेप होता. मृत्यू पुढे ढकलावा आणि प्रेयसीला अंत्यदर्शनासाठी आणावे, असा आग्रह त्याने धरला. लाल शाईने अधोरेखित केलेली १९६२ सालची प्रेमपत्रे जपणाऱ्या या माणसाची कथा त्या एका भेटीमुळेच उभी राहते, म्हणून निर्मात्याचा वाटा सहसा सांगितला जातो त्याहून मोठा मानायला हवा. खुद्द जोन्स यांना गाणे अतिशय रडके वाटत होते, ते कोणी विकत घेणार नाही असे त्यांचे ठाम मत होते आणि ध्वनिमुद्रणात ते वारंवार दुसऱ्याच एका प्रसिद्ध गाण्याच्या चालीत शिरत. त्यातच मधल्या काही ओळी गायच्या नसून नुसत्या बोलायच्या होत्या. प्यायलेले असतानाही गाताना स्वच्छ राहणारा त्यांचा उच्चार बोलताना अडखळे. गाण्याची पहिली ओळ आणि या ओळी यांच्या ध्वनिमुद्रणात अठरा महिन्यांचे अंतर पडले, असे निर्माता सांगत असे.

पुढे ग्रॅमी मिळाले, कंट्री संगीताच्या वार्षिक पुरस्कारांत १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे हेच सर्वोत्तम गीत ठरले, आणि जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत २००८ साठी त्याचा समावेश झाला. एका कार्यक्रमाचे अडीच हजार डॉलर घेणारा आपण पंचवीस हजारांवर गेलो, असे जोन्स यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. व्यसन मात्र या यशाने सुटले नाही. १९८३ च्या विवाहानंतर ते बरेच आटोक्यात आले आणि दारू कायमची बंद झाली ती १९९९ च्या मोटार अपघातानंतर.