उकाडा वाढला म्हणून भूकंप होत नाही

वारा पडला, जीव नकोसा करणारा उकाडा झाला की कुणीतरी म्हणतंच, "भूकंपाआधी असंच कुंद वातावरण असतं." समजूत फार जुनी आहे. जमिनीत कोंडलेला वारा भूकंप घडवतो, असं अ‍ॅरिस्टॉटलही मानत असे. पण ती चूक आहे.

भूकंप होतो तो खडकांत साठलेला ताण भ्रंशावर, म्हणजे जिथे खडक एकमेकांवर सरकतात त्या भेगेवर, अचानक मोकळा झाल्यामुळे, तोही बहुधा काही किलोमीटर खोल. ऋतूंचा गारवा-उष्मा जमिनीत काही मीटरांपलीकडे पोचत नाही. तारखाच बघा ना: कोयना, ११ डिसेंबर १९६७. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट. भूज, २६ जानेवारी २००१. नेपाळ, २५ एप्रिल २०१५. यात एकच ऋतू कुठे दिसतो?

कोयनेत पाण्याचा संबंध आहे, पण तो जलाशयाचा. साठ्याचा भार आणि भेगांतून खोल झिरपणारं पाणी आधीच ताणलेल्या भ्रंशाला चालना देतं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

दरडींचं मात्र वेगळं. ३० जुलै २०१४ला माळीण गाडलं गेलं ते मुसळधार पावसात. म्हणून डोंगराखालच्या वस्तीने अतिवृष्टीचा इशारा गंभीरपणे घ्यायलाच हवा. भूकंपाची तारीख-वेळ सांगणारा इशारा जगात कुणीच देऊ शकत नाही. तसे मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जड घरांखाली. काळजी करायचीच तर भिंती आणि छप्पर तपासून घ्या.