लिव्हरलेस कंट्रोलरची निवड

लिव्हरलेस कंट्रोलर म्हणजे फायटिंग गेमसाठी वापरली जाणारी, दांडी काढून टाकलेली आर्केड स्टिक (दांडी आणि मोठी बटणे असलेली खेळाची पेटी). दांडीच्या जागी दिशांची चार बटणे येतात: अनामिकेखाली डावीकडचे, मधल्या बोटाखाली खालचे, तर्जनीखाली उजवीकडचे आणि अंगठ्याखाली उडीचे. उजव्या हाताला ठोसे-लाथांची आठ बटणे नेहमीप्रमाणे दोन ओळींत असतात. ही मांडणी 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला हिट बॉक्स या अमेरिकी कंपनीने रुळवली. आजही कोणत्याही कंपनीच्या लिव्हरलेसला खेळाडू सर्रास ‘हिटबॉक्स’ म्हणतात. जून 2023 मध्ये ‘स्ट्रीट फायटर 6’ हा कॅपकॉम कंपनीचा फायटिंग गेम आला, त्याच वर्षी रेझरने 299.99 डॉलरचा ‘कित्सुने’ काढला, आणि दुसऱ्या टोकाला ‘हॉटे42’सारख्या चिनी ब्रँडांचे 100 डॉलरच्या आतले नग घरोघरी पोहोचले. पर्याय वाढले तसा निवडीचा प्रश्नही खरा झाला.

दांडी डावीकडून उजवीकडे न्यायची तर ती मधल्या जागेतून जाते आणि त्यात वेळ जातो. बटणाला हा प्रवास नसतो. फायटिंग गेम सेकंदाला 60 फ्रेम (पडद्यावरची चित्रे) चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात बोट उचलले की दिशा तत्काळ शून्यावर येते, म्हणजे कोणतीच दिशा लागू राहत नाही. हाडोकेन या ‘स्ट्रीट फायटर’मधल्या चालीसाठी खालचे बटण दाबायचे, ते धरून पुढचे दाबायचे, मग खालचे सोडून ठोसा द्यायचा. ‘टेकन 8’ या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये मिशिमा घराण्याच्या पात्रांचा ‘इलेक्ट्रिक’ हा ठोसा तर लिव्हरलेसवर फार स्वच्छ बसतो. पुढे टिचकी, मग खाली, आणि शेवटी पुढचे बटण व ठोसा नेमके एकाच फ्रेममध्ये. दोन बोटे एकदम टेकवणे हे मनगटाने दांडी वळवण्यापेक्षा सोपे आहे. अडचण येते ती उडीची. वर्षानुवर्षे दांडी वर ढकलायची सवय असलेल्या हाताला अंगठा खाली दाबून उडी मारणे उलटे वाटते, आणि नवख्यांचे पहिले दिवस बहुतेक त्यातच जातात.

निवडीआधी एक तांत्रिक भाग नीट समजून घेणे गरजेचे आहे, कारण सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाले आहेत. दांडी एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे असू शकत नाही. बटणे मात्र दोन्ही दाबता येतात. अशा वेळी गेमला काय कळवायचे, हे कंट्रोलरमधला बोर्ड ठरवतो. या नियमाला एसओसीडी म्हणतात. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या गाइल या पात्राचे उदाहरण घ्या. त्याच्या सॉनिक बूम या चालीसाठी मागची दिशा काही काळ धरून मग पुढे आणि ठोसा द्यावा लागतो. ‘शेवटी दाबलेले जिंकते’ असा नियम असेल तर मागचे बटण न सोडताच पुढचे टिचकावून बूम सोडता येतो, आणि पुढचे बटण सुटताक्षणी मागची दिशा पुन्हा लागू होऊन पुढच्या बूमची तयारी सुरू होते. दांडीने खेळणाऱ्याला हे शक्यच नाही. ‘दोन्ही दाबले तर शून्य’ असा नियम असेल तर मागचे बटण वेळेवर सोडावेच लागते, आणि सामना बरोबरीचा राहतो.

हिट बॉक्सचा जुना नियम असा होता: डावे-उजवे एकत्र म्हणजे शून्य, खाली-वर एकत्र म्हणजे वर. 2019 मध्ये दाइगो उमेहारा हा नामवंत जपानी खेळाडू ‘गॅफ्रोबॉक्स’ हा लिव्हरलेस घेऊन खेळू लागला तेव्हा कॅपकॉम प्रो टूर या स्पर्धामालिकेत त्या नगाला मनाई झाली आणि जगभर चर्चा पेटली. पुढे 2023 मध्ये कॅपकॉमने आपल्या स्पर्धांसाठी दोन्ही जोड्यांना शून्य हाच निकाल ठरवला. हा नियम योग्यच आहे. खेळाडूचे कसब बोटांत दिसले पाहिजे, बोर्डाच्या सेटिंगमध्ये नव्हे. कीबोर्डांच्या जगातही हाच प्रश्न उभा राहिला होता. ऑगस्ट 2024 मध्ये व्हॉल्व्हने ‘काउंटर-स्ट्राइक 2’ या आपल्या नेमबाजीच्या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर ‘स्नॅप टॅप’सारख्या, म्हणजे ‘शेवटी दाबलेले जिंकते’ असा नियम कीबोर्डवर लावणाऱ्या, सोयींना बंदी घातली. म्हणून एसओसीडीचा नियम बदलता येत नसेल असा कंट्रोलर, कितीही देखणा असला तरी, घेऊ नये.

दुसरा प्रश्न कन्सोलचा, आणि पैसे सर्वाधिक वाया जातात ते इथेच. पीसीवर जवळजवळ सगळे चालते. प्लेस्टेशन 5 मात्र मान्यताप्राप्त कंट्रोलरच ओळखतो. ‘स्ट्रीट फायटर 6’ आणि ‘टेकन 8’ यांनी पीएस4 चे कंट्रोलर वापरायची मुभा दिली आहे, पण तिथेही अधिकृत चिपची ओळख लागते. ती नसलेल्या स्वस्त बोर्डांचा कन्सोलशी संपर्क पीएस4 मोडमध्ये सुमारे 8 मिनिटांनी तुटतो, म्हणजे ऐन सामन्यात. नोव्हेंबर 2023 पासून एक्सबॉक्सनेही परवाना नसलेली उपकरणे अडवायला सुरुवात केली. मान्यताप्राप्त नग महाग असण्यामागे हे एक मोठे कारण आहे. ब्रूकसारख्या कंपन्यांचे बोर्ड किंवा वेगळे अडॅप्टर लावून वाट काढता येते, पण त्यांचा खर्च आधीच धरून हिशेब करावा. फक्त पीसीवर खेळणाऱ्याने कन्सोलच्या परवान्यासाठी तिप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

बटणे दोन जातींची. सान्वा, सेमित्सु यांची 24 आणि 30 मिलिमीटरची आर्केड बटणे मोठ्या, खोल पेटीत बसतात. हिट बॉक्सवर उडीचे बटण 30 चे आणि बाकीची 24 ची. दुसरी जात मेकॅनिकल कीबोर्डच्या बुटक्या स्विचची, यात काइल कंपनीचा ‘चॉक’ सर्वात प्रचलित. चॉकच्या पहिल्या आवृत्तीचा पूर्ण प्रवास 3 मिलिमीटर आणि तो 1.5 मिलिमीटरवर लागतो, तर नेहमीच्या चेरी एमएक्सचा प्रवास 4 मिलिमीटर. बुटक्या स्विचमुळे कंट्रोलर सपाट होतो, मनगट वर उचलून ठेवावे लागत नाही, आणि लांब खेळणाऱ्याला हा फरक वेगापेक्षा जास्त जाणवतो. स्विच सोल्डरिंग न करता बदलता येणारे, म्हणजे हॉटस्वॅप, असतील तर उत्तम. फक्त चॉकच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीच्या टोप्या (कीकॅप) एकमेकांना बसत नाहीत, हे ऑर्डर देताना लक्षात ठेवावे.

पेटीचे वजन आणि आकार माणसाच्या बसण्यावर ठरवावेत. टेबलावर खेळणाऱ्याला पातळ नग पुरतो, खाली रबराची पट्टी असली की झाले. पलंगावर किंवा जमिनीवर बसून मांडीवर ठेवणाऱ्याला मात्र हलका, अरुंद नग सतत घसरतो. त्याने रुंद आणि जड पेटी घ्यावी. लहान हातांसाठी उडीचे बटण बाकीच्या तीन बटणांच्या किती जवळ आहे ते पाहावे, कारण अंगठा ताणून खेळले की हात दुखतो. आणखी एक गोष्ट: सामन्यात चुकून ऑप्शन्सचे, म्हणजे खेळ थांबवणारे, बटण दाबले गेले तर स्पर्धेत फेरी गमवावी लागू शकते, त्यामुळे ती बटणे बंद करणारा लॉक असावाच.

घरी बनवणे हाही गंभीर पर्याय आहे. जानेवारी 2021 मध्ये 4 डॉलरला आलेला रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड आणि त्यावर चालणारे ‘जीपी2040-सीई’ हे मुक्त फर्मवेअर, एवढ्यावर लिव्हरलेसचा मेंदू तयार होतो. ब्राउझरमधूनच बटणांची जागा आणि एसओसीडीचा नियम बदलता येतो. ‘फ्लॅटबॉक्स’ या घरी बनवायच्या लिव्हरलेसचा आराखडाही खुला आहे. भारतात परदेशी नगावर वाहतूक खर्च आणि सीमाशुल्क चढते, म्हणून इथे हा मार्ग विशेष शहाणपणाचा. पिकोसारखा बोर्ड, तारा आणि सोल्डरिंगचे साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत शोधता येते. स्विच मात्र बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात.

खरेदीआधी पीसीच्या कीबोर्डवर ही मांडणी जुळवून पाहावी: ए, एस, डी म्हणजे डावे, खाली, उजवे, आणि स्पेसबार म्हणजे उडी. उजव्या हाताची बटणे यू, आय, ओ, पी आणि त्यांच्या खालच्या ओळीवर ठेवावीत. अशी काही आठवडे तालीम केली की आपल्याला लिव्हरलेस मानवते की नाही ते खर्च न करता कळते. मात्र स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्ड काही विशिष्ट तीन-चार कळा एकदम दाबल्या तर त्यांतली एखादी गाळतो. हाडोकेन वारंवार फसत असेल तर बोटांना दोष देण्याआधी कळांची जागा बदलून पाहावी.