धुक्यातल्या जंगलासाठी वाइड की टेलिफोटो?

पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात शिरलं की बहुतेकांचा हात वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सकडे जातो. जांभूळ, अंजनी, वेली, शेवाळ, सगळंच फोटोत हवं असतं. मग फ्रेममध्ये फांद्यांचा पसारा होतो, पानांतून आभाळाचे पांढरेफटक तुकडे डोकावतात आणि ज्या झाडासाठी थांबलो ते मागे काडीएवढं उरतं. इथे एकच लेन्स न्यायची असेल, तर मी ७०-२०० मिमीची टेलिफोटो, म्हणजे दूरचं मोठं दाखवणारी लेन्स नेईन.

फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर १६ मिमी लेन्स सुमारे १०७ अंशांचा कोन टिपते, २०० मिमी जेमतेम १२ अंशांचा. टेलिफोटोमुळे झाडं एकमेकांजवळ आल्यासारखी दिसतात असं म्हणतात, पण ती करामत अंतराची आहे. सारख्याच उंचीची दोन झाडं ३ आणि ६ मीटरवर असतील, तर मागचं निम्मं दिसतं. २७ मीटर मागे सरका. आता अंतरं ३० आणि ३३ मीटर. मागचं झाड फक्त नऊ टक्क्यांनी लहान दिसेल. टेलिफोटो आपल्याला लांब उभं राहू देते, एवढंच.

धुक्यात हे लांब असणं फार कामी येतं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं दिसतं. झाड जितकं दूर, तितकं मधलं धुकं जास्त. पुढचं खोड काळंभोर, त्यामागचं करडं, त्याही मागचं पुसटशी रेघ. गिचमिड जंगलात असे थर आपोआप सुटे होतात.

मात्र २०० मिमीला एफ/८ अॅपर्चरवर (म्हणजे लेन्समधल्या छिद्राच्या त्या मापावर) ३० मीटरवर फोकस केला, तर साधारण २५ ते ३७ मीटरमधलंच नीट स्पष्ट येतं. १६ मिमीला त्याच अॅपर्चरवर १ मीटरच्या थोडं पुढे फोकस केला, तरी अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालून जातं. म्हणून ओढ्याकाठचं शेवाळ किंवा जमिनीवर पसरलेली मुळं पुढ्यात असतील, तर वाइडच लावावी आणि अगदी खाली बसावं. कॅमेरा वर कलला की खोडं आत झुकतात, तेव्हा तो समपातळीत धरावा.

पोलरायझर फिल्टर दोन्ही लेन्सना हवाच. ओल्या पानांवरची चकाकी कमी झाली की खालचा हिरवा रंग वर येतो. पोलरायझर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. ट्रायपॉड कॅमेरा स्थिर धरेल, पण वाऱ्यावर हलणाऱ्या पानांसाठी शटर लवकर मिटावं म्हणून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) वाढवावाच लागतो.