'टेक्सास चेनसॉ मॅसकर' खरी घटना आहे का?

जुन्या कल्ट हॉररचा विषय निघाला की हा मेसेज फिरतोच, 'टेक्सासमध्ये पाच तरुण मुलांवर खरंच चेनसॉ घेऊन हल्ला झाला होता, १९७४ चा हा पिक्चर त्याच केसवर आहे.' तसं वाटणं साहजिक आहे, कारण सुरुवातीला पिक्चर स्वतःच गंभीर आवाजात ही शोकांतिका घडली असं सांगतो आणि मग स्क्रीनवर तारीख येते, १८ ऑगस्ट १९७३.

आता ती तारीखच नीट बघा. शूटिंग सुरू झालं जुलै १९७३ मध्ये, आणि गोष्ट तर त्याच्याही आधी लिहून तयार होती, मग अजून न उगवलेल्या दिवशीच्या घटनेवर पिक्चर कसा काय बनेल?

खऱ्याचा धागा आहे, पण बारीक. १९५७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एक माणूस पकडला गेला, त्याने दोन बायकांचा खून केला होता आणि कबरी उकरून आणलेल्या प्रेतांच्या कातडीचे मुखवटे बनवले होते. पिक्चरमधला कातडी मुखवटा तिथून आला. बाकी टेक्सास नाही, चेनसॉ नाही, नरभक्षक कुटुंब नाही, पाच मित्रांची ट्रिपही नाही.

असा दावा दिसला की आधी गाव, तारीख आणि मेलेल्यांची नावं शोधा, त्या काळच्या पेपरात बातमी आहे का बघा, कारण एवढं मोठं हत्याकांड पेपरात न येता राहूच शकत नाही. पिक्चर मात्र जरूर बघा, रक्त फारसं न दाखवता तो नुसत्या आवाजांनी जी भीती घालतो ती जबरदस्तच आहे.